अठ्ठावीस सेंटिमीटर

दारात चपला काढतो ती जागा
आणि घराची जमीन,
यांच्यामधली पायरी अठ्ठावीस सेंटिमीटर आहे.
इस्पितळातल्या पोरसवदा मुलानं येऊन टेपनं मोजली,
वहीत लिहिली,
आणि चुकीचं काही बोलून गेल्यासारखा गप्प बसला.

सत्तेचाळीस वर्षं मी ती चढले.
सफरचंदांच्या करंड्या कडेवर,
एकदा तापानं फणफणलेली कायोको पाठीवर.
तिला उंची आहे
हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा.
म्हणजे नवा तो चांगला नव्हे तर?
मी विचारलं. तो लाजला.
त्याच्या यादीत पुढं होतं:
मांडी नको, उकिडवं नको, टाचांवर बसणं नको,
कमरेतून वाकायचं ते नव्वद अंशांच्या आत.
नव्वदच्या आत
दुकानदाराला नमस्कार होतो.
देवाला होत नाही.

आणि आमचं तर सगळं घरच जमिनीवर मांडलेलं.
अंथरूण, चहाचं मेज, शिवणाची पेटी,
नवरा.

कायोकोनं सेंदाईहून पलंग पाठवला.
त्याच्या चार पायांनी ततामीत चार खळगे पाडलेत,
रात्री मी त्यांच्यावर तरंगत झोपते,
छत इतकं जवळ
की त्यावरचा जुना पाण्याचा डाग मला ओळखायला लागलाय.
शेजारची ओदागिरीबाई मुळ्याचं लोणचं घेऊन आली,
सवयीनं खालच्या फडताळात ठेवून गेली.
तीन दिवस मी नुसता वास घेतला.
चौथ्या दिवशी लांब दांड्याच्या चिमट्यानं
बरणी धरली, उचलली,
आणि पुढचं काय सांगू,
अजून ततामीला मुळ्याचा वास येतो.

बाहेर बर्फ अजून गुडघाभर आहे, तरी
बागांतून छाटणीच्या कात्र्या वाजायला लागल्या.
आमची शिडी तीन पायांची.
उताराच्या जमिनीवर चौथा पाय खोटं बोलतो, तोकुजी म्हणायचा.
त्याच शिडीवर माझा खुबा झिजला.
आता काठी धरून मीच तीन पायांची
आणि इवाकीच्या डोंगराकडे बघत खिडकीत उभी.

जुनं हाड कुठं गेलं, मी डॉक्टरांना विचारलं होतं.
नियमाप्रमाणे, ते म्हणाले.
माझंच हाड, मला न सांगता
माझ्या आधी गेलं.

तोकुजीची हाडं आम्ही दोघींनी वेचली होती.
लांब काड्यांनी, एकेक तुकडा,
सुरुवात पायांकडून, शेवट डोक्याकडे,
म्हणजे मडक्यात माणूस उलटा राहत नाही.
माझ्या वेळी
वर येता येता कायोकोच्या काड्या थांबतील.
टण्.
न जळलेला, न काळवंडलेला दांडा,
त्याच्या टोकाला गुळगुळीत गोळा.
हे आईचं का, ती विचारेल,
आणि तिथला माणूस अदबीनं म्हणेल,
हे वेगळं ठेवतो आम्ही.
मला आत्ताच तिला सांगून ठेवायला हवं
की माझंच आहे.
यानंच मी पायरी चढले.

पण आज सकाळची गोष्ट वेगळी.
तोकुजीचा देव्हारा बसल्या माणसाच्या उंचीचा.
नऊ वर्षं मी त्याच्यापुढं टाचांवर बसून
बाजारभाव, हवा, कुणाचं काय झालं ते सांगितलं,
थोडं वर बघत.
आज पहिल्यांदा उभी राहिले.
फोटोत त्याच्या डोक्याचा माथा विरळ दिसतो,
हे खालून कधी कळलंच नव्हतं.
काय रे, म्हटलं,
आणि हसू आलं, आणि काठी डगमगली.

उदबत्ती पेटवून
त्या लोणच्याच्या चिमट्यात धरली.
पहिली वाटीबाहेर पडली.
दुसरी मोडली.
तिसरी राखेत उभी राहिली,
वाकडी.

राहू दे.