आधी पातळ वायसर

बाबांनी काढून ठेवलेले सीटबेल्ट
पोटमाळ्यावर पिठाच्या कापडी पिशवीत सापडले.
वायसर तारेत ओवलेले,
निघाले त्याच क्रमाने,
आणि तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा:
‘उजवी बाजू. आधी पातळ.’
हाल्वार नावाच्या माणसाने
याहून लांब पत्र कुणाला लिहिल्याचं ऐकिवात नाही.

व्होल्व्हो चौसष्टची, दोन दारांची,
देशाने रस्त्याची बाजू बदलली त्याच्याही आधीची.
ऊडेव्हाल्लाच्या या गॅरेजात
बावीस हिवाळे चादरीखाली काढलेली.

शेजारचा एस्टेन बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
गुडघे धरत खाली वाकला.
‘आधी आटे साफ कर.’
भोकात जुना रंग, आत कोळ्याचं घर.
मी टॅप फिरवत गेले,
अर्धा फेरा पुढे, पाव मागे,
कीस पुसत, पुन्हा पुढे.
मग बोल्ट. पान्याने नाही, बोटांनी.
‘बोटांनी जात नसेल तर तो तिथला नव्हेच.’

पातळ वायसर घातला, ब्रॅकेट घातली,
मधली छोटी नळी विसरले.
पान्याचा शेवटचा फेरा दिला तर पट्टा
मान लचकल्यासारखा एका जागी धरून बसला.
एस्टेनने थर्मासमधली कॉफी ओतली,
बोलला काही नाही.
पुन्हा सगळं उघडलं.
बोल्ट घट्ट हवा, ब्रॅकेट फिरती हवी.
एकाच ठिकाणी, दोन्ही.
आमच्या घरात हे कधी जमलं नव्हतं.

पिळाचंही तसंच.
सुंभ जळला तरी राहतो तो पीळ
माणसात असला तर कौतुक होतं,
पट्ट्यात चालत नाही.
खांद्याच्या खिळीपासून कंबरेपर्यंत
डोळे मिटून अंगठा फिरवत आणायचा.

तिथे अंगठ्याला शिवण लागली.
आई पट्ट्यांच्या कारखान्यात होती, अकरा वर्षं.
तीस बायका, तीस मशिनं,
कुणाची शिवण कुठली ते कळू नये
याचाच तर पगार.
तरी मी टाके मोजले.

या पट्ट्यांना आत ओढून घेणारी चकती नसते.
एकदा कुणाच्या अंगाला बेतला की तेवढाच.
डाव्या पट्ट्यावर बाबांचं पोट.
उजव्यावर बकलाने पाडलेली घडी,
गाडी विसरली तरी कापड न विसरलेली.
मी उजवीकडे बसून पाहिलं,
चार बोटं कमी पडला.
माय-लिस इतकी बारीक होती, हे मला
फोटोंतून कधी कळलं नव्हतं.

‘धागा म्हातारा झालाय,’ एस्टेन म्हणाला,
‘बकलं मूळची ठेव, पट्टी नवी घाल.
बोरोसला शिवून देतात.’
डावा पाठवला.
उजवा राहू दे म्हटलं.
‘मग तिथे कुणाला बसवायचं नाही.’
‘नाही बसवत.’

मिडसमरच्या आदल्या दिवशी
रस्त्याकडेच्या टपरीवरून नवे बटाटे घेतले,
पाच किलो, माती लागलेले.
पिशवी उजव्या सीटवर ठेवली,
पट्टा ओढला. खट्.
घडीवर घडी बसली, बोटभरही इकडेतिकडे नाही.
पुलाच्या वळणावर बटाटे जरा कलले
आणि थांबले.