सोमवारच्या सभेचं इतिवृत्त

त्रिएस्तेत बोरा सुटला की
म्हातारी माणसं अजून सांगतात, पूर्वी कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधत,
धरून चालायला.
आमच्या अँटेनांना असा दोर नाही.

हजर: नेव्हिओ, ओंदिना, झ्द्राव्को, फुल्व्हिया
आणि अक्षर बरं म्हणून चिटणीस झालेला मी.
गैरहजर: उद्घाटनाच्या फोटोतले बाकीचे सगळे.
जागा: नेव्हिओच्या बंद पडलेल्या सायकल-दुकानाची मागची खोली.
पंक्चरच्या सोल्युशनचा वास अजून गेलेला नाही.

विषय एक.
सान जाकोमोच्या घंटाघरावरचा खोका
गुरुवारच्या वाऱ्यात फिरला,
तेव्हापासून तो समुद्राला इंटरनेट पुरवतो आहे.
फुल्व्हिया म्हणाली, मासे तक्रार करत नाहीत,
सिन्योरा कोसुता करते. दिवसातून दोनदा.
पाद्री किल्ली द्यायला तयार आहेत,
पण शिडी मीच धरणार म्हणतात,
आणि त्यांचं वय एक्क्याऐंशी.

विषय दोन. शिल्लक
दोनशे बारा युरो, चाळीस सेंट.
झ्द्राव्कोची तीस वर्षं बंदरातल्या क्रेनवर गेली.
तो स्लोव्हेनमध्ये मोजतो
आणि उसासा इटालियनमध्ये टाकतो.

विषय तीन. नेव्हिओ म्हणाला, अध्यक्ष म्हणून
आता दुसरं कुणीतरी.
सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं.
कॉफी केव्हाच संपली होती.

विषय चार.
जुन्या मासळीबाजाराच्या छपरावरचं यंत्र
रात्री बंद ठेवावं, महिन्याला तीन युरो वाचतील,
अंधारात तिथे असतं कोण?

ओंदिना म्हणाली, असतं. एक.

तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला.
रोज रात्री दोन चाळीस ते साडेतीन.
एकच फोन, एवढंच.
कुणाचा, ते आम्हाला कळत नाही, कळून घ्यायचं नाही,
हा आमचा पहिला नियम, याच टेबलावर लिहिलेला,
बारा वर्षांपूर्वी, जेव्हा आमचे केस काळे होते
आणि फुल्व्हियाचे लाल.

तरी पण.
झ्द्राव्को म्हणाला, गोदीतला रखवालदार असेल.
फुल्व्हिया म्हणाली, जुगार, दुसरं काय.
नेव्हिओ बऱ्याच वेळाने बोलला:
ज्याची माणसं अशा गावी आहेत
जिथे त्या वेळी उजाडलेलं असतं.
मग कुणी काही बोललं नाही.

चालू ठेवा: चार मतं.
तटस्थ: एक. तो मी, पेनाचं टोपण शोधत होतो.

इतिवृत्त इथे संपायला हवं.
पण मार्चमध्ये तो फोन यायचा थांबला.
ओंदिनाने आठवडाभर सांगितलंच नाही,
मग सांगितलं, तेही खोकल्याच्या औषधाबद्दल बोलता बोलता.
तीन युरोंचा विषय त्यानंतर
कुणी पटलावर आणला नाही.
नेव्हिओ अजून अध्यक्ष आहे.
सान जाकोमोचा खोका आम्ही सरळ केला,
वाऱ्याने तो पुन्हा फिरवला,
पाद्रींनी पुन्हा शिडी धरली.

मी एकदा गेलो होतो तिथे, हे नोंदवलेलं नाही.
दोन चाळीसला. धक्क्यावर मीठ आणि डिझेलचा वास,
एक मांजर, वर छपरावर
वाटाण्याएवढा हिरवा दिवा.
फोन खिशात होता. खिशातच बंद केला.
चालू असता
तर ओंदिनाच्या यादीत एक ओळ उमटली असती,
आणि सकाळी तिला वाटलं असतं