तेरा लिटर

देवास नाक्याला पाटीदारांच्या यार्डात
काल रात्री आला तो.
सकाळी सातला मी डबा न घेताच निघालो.
शोभना म्हणाली, बारशाला चाललायत का?
म्हटलं, तसंच समज.

केबिन पुढे झुकली
आणि खाली ते:
सहा सिलिंडर एका ओळीत,
एकेकात दोन लिटरांहून जास्त जागा,
आमच्या घरचा सकाळ-संध्याकाळचा रतीब
एकाच सिलिंडरात मावेल.
ब्लॉकवर पिवळ्या शाईची बरोबरची खूण,
कुणीतरी तपासून केलेली, अजून पुसली नव्हती.
तेलाचा एक ओघळ नाही कुठे.
मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो,
सराफाच्या दुकानात राहतो तसा.

शराफत उस्ताद माहितीपत्रक वाचत होते.
चष्मा कपाळावर, म्हणजे वाचत नव्हतेच,
आकड्यांवरून नुसतं बोट फिरवत होते.
"भिया, अडीच हजारांचा टॉर्क! आणि तोही हजार फेऱ्यांवर!"
हजारावर.
हजारावर आमची जुनी इंजिनं
नुसता घसा खाकरायची.

एक्याऐंशी साली मी चौदा वर्षांचा,
मामाच्या ट्रकवर क्लीनर.
खलघाटहून कापसाच्या गाठी भरून
मानपूरचा घाट चढायचा म्हणजे
पहिला गिअर, आणि तोही रडत.
मी खाली उतरून मागच्या चाकाशी चालायचो,
चालायचो हं, पळावं लागेल
इतका वेग कुणाला होता?
हातात बाभळीचा ठोकळा.
मामा ओरडला, "लाव!"
की चाकाखाली सरकवायचा आणि बोटं वाचवायची.
एकदा रेडिएटर उकळला
तेव्हा माझ्या प्यायच्या पाण्याची बाटली
त्यालाच पाजली.
एकशे दहा घोडे म्हणे त्या इंजिनात.
त्यातले चाळीस तरी आजारी असणार.
सुंभ रोज जळायचा,
पीळ मात्र होता कुठे?

भेरूसिंगनं बटण दाबलं.
मला वाटलं, चालूच झालं नाही.
मग शेजारच्या बादलीतल्या पाण्यावर
वर्तुळं उठली, बारीक,
एकामागे एक, न चुकता.
पायाच्या तळव्यांना आधी कळलं, कानांना नंतर.

पन्नास टन घेऊन घाट कितव्या गिअरला चढेल?
उस्ताद म्हणाले, सातव्या.
मी म्हटलं, नवव्या, आणि वर ड्रायव्हर फोनवर बोलत असेल.
हरेल त्यानं भुट्ट्याचा कीस खिलवायचा.
पाटीदार हसले, तेल कोण भरणार ते बोला.

उस्ताद मग हळूच म्हणाले,
"आपल्या पान्याला हे कधी हात लावू देणार नाही.
पीथमपूरहून पोरगा येईल, लॅपटॉप घेऊन."
येईल. येऊ दे.
माझ्या पोटाचं काय, हा प्रश्न खरा आहे,
पण आज नको.
आज मी फक्त फॅनबेल्टकडे बघतोय,
आणि तो फिरतोय की थांबलाय
हे मला, चाळीस वर्षांच्या मिस्त्रीला, सांगता येत नाहीये.

सोमवारी भेरूसिंगबरोबर जाणार आहे,
रिकामा उतरून भरून परत.
शोभनाला अजून सांगितलेलं नाही.

तो ठोकळा अजून आहे दुकानात,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून लावतो.
सीटखाली टाकेन म्हणतो.
लागणार नाही, ठाऊक आहे.
पण इतकी वर्षं चाकामागे पायी आला तो,
एकदा त्यालाही
बसून चढू दे घाट.