एक लांब, दोन आखूड

कार्ड सांतियागोहून निघालं त्याला एकवीस दिवस झाले.
ट्रकने, मग बोटीने, मग पुन्हा ट्रकने,
आणि शेवटची गल्ली कुरियरवाल्याच्या जाकिटात,
कारण पुंता आरेनासचा वारा
हातातली वस्तू विचारून नेत नाही.

कॅबिनेटमध्ये ते मावेना.
हार्ड डिस्कचा पिंजरा उचकटला
तेव्हा कुठे तिरकं होऊन आत शिरलं,
आणि कट्ट असा आवाज आला.
मी तो आवाज ऐकला. शपथ घेऊन सांगते.

बटण दाबलं.
पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा.
आणि मदरबोर्डावरच्या वाटाण्याएवढ्या स्पीकरातून
एक लांब, दोन आखूड.

मॉनिटरची केबल बघितली: कार्डालाच आहे, जुन्या भोकात नाही.
(तो गाढवपणा मागच्या वेळी करून झाला होता,
यंदा नवा शोधायला हवा.)
पॉवरची वायर काढली, फुंकली, परत खोचली.
रॅमची एक पट्टी उपटून पाहिली.
सेल काढून दहा मिनिटं तळहातावर धरून बसले.
पॉवर सप्लायच्या अंगावरचं बारीक लिखाण
मोबाइलच्या उजेडात वाचलं: साडेपाचशे वॅट.
पुरायला हवेत,
म्हणजे महिनाअखेरीला पगार पुरायला हवा तसे.
एक लांब, दोन आखूड.

स्वयंपाकघरात वडिलांची मातेची नळी थांबली.
एकतीस वर्षं त्यांनी या सामुद्रधुनीत टगबोट चालवली.
आता दोन्ही डोळ्यांवर साय धरलीय,
भिंतीला हात लावत दारापर्यंत आले.
"परत वाजव."
वाजवलं.
"धुक्यात असा भोंगा देतात, एलबा.
म्हणजे, मला वळता येत नाहीये, लांब राहा.
आणि तू तासभर त्याला ढोसतेयस."

मला सांगायचं होतं की हा संकेत निराळा आहे,
कंपनीने ठरवलेला, पुस्तिकेत पान एकोणसत्तर:
चित्राचं कार्ड सापडत नाही.
पण या दोन्हींत फार फरक आहे
असं त्या वेळी छातीठोक म्हणवेना.

त्यांनी पाहिलं नाही, चाचपलं.
कार्डाच्या कडेवरून अंगठा नेला,
स्क्रूपासून टोकापर्यंत, सावकाश.
"इकडे टेकलंय. तिकडे नखभर वर.
धक्क्याला लागलेलंच नाही हे."
"पण आवाज आला होता."
"आवाज काय, आपटल्याचाही येतो."

मी स्क्रू ढिला केला, त्यांनी दाबलं.
तसंच दाबून धरून मला चुलीपाशी पिटाळलं,
लेंगाच्या सरपणातली एक ढलपी आणायला.
चाकूने दोन वेळा तासली,
कार्डाच्या लोंबत्या टोकाखाली उभी केली.
चारशे डॉलरचं यंत्र
चुलीतून वाचलेल्या लाकडावर.

या वेळी एकच, आखूड.
"उजवीकडे वळतोय," वडील म्हणाले, "सुटला."

पडद्यावर चित्र आलं, पण सुजलेलं.
ड्रायव्हर घातला नव्हता अजून,
एकेक अक्षर दुकानाच्या पाटीएवढं.
मी माऊस पुढे ओढला,
आणि मागून, चष्म्याशिवाय, वडिलांनी वाचलं:
"दहा चाळीस."
मग खाली: "बोटींची चित्रं. मे. हिशेब."
त्याच्याखाली: "पापा, डोळे, खर्च."

बाण त्याच्यावर नेऊन धरावा म्हटलं.
बाणही मोठा होता, तरी पुरेना.

कार्डाचे पंखे फिरत होते.
बाहेर कोणाचं तरी पत्र्याचं दार आपटत होतं.
त्यांनी खुर्ची ओढली, बसले,
नळी तोंडात धरली, रिकामीच ओढली.
"चारशे," म्हणाले, "हे बोटींच्या चित्रांसाठी ना?"
"हो. लवकर होतील."

ड्रायव्हरची खिडकी विचारत होती, आता की नंतर.
"असंच राहू दे आज," ते म्हणाले,
"अजून खाली काय काय लिहिलंयस, बघू."