चोथा

आईच्या कमरेचा स्कॅन मीच काढला,
माझ्याच मशीनवर, जेवणाच्या सुट्टीत.
पडद्यावर आकडा आला: उणे दोन पूर्णांक नऊ.
असे तीस आकडे मी रोज वाचते
आणि हात धुऊन डबा उघडते.
त्या दिवशी डबा तसाच घरी आला.

सव्वीस वर्षं काड्यापेटीच्या कारखान्यात
आन छुइलिएन, बिल्ला क्रमांक एकशे चार,
गुलाच्या ओळीत उभी.
हाडाची काडं केली म्हणतात ना,
तिनं ती मोजून केली,
पन्नास पन्नासच्या पेटीत भरून पाठवली.

कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. तिनं घेतल्या,
आणि छिशुई नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
ख्वांग वैद्यांच्या बाकावर जाऊन बसली.
"तुझ्या मशीनला हाड दिसतं," म्हणाली,
"हाडाचा धनी कुठं दिसतो?"

वैद्यांनी तीन बोटं मनगटावर ठेवली,
इतका वेळ, की मला वाटलं त्यांना डुलकी लागली.
कुठं दुखतं ते विचारलंच नाही.
जीभ पाहिली. दात किती उरलेत विचारलं.
मग हळूच: "भीती कशाची वाटते?"
त्यांच्या शास्त्रात हाडं मूत्रपिंडांच्या हुकमात,
आणि मूत्रपिंडांना वाळवी लागते ती भीतीची.
"छे," आई म्हणाली, "या वयात कसली भीती!"
त्यांनी चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहिली.

दुकानातल्या पोरानं हातातल्या तागडीवर
दु-चोंगची साल तोलली,
आणि माझा चेहरा पाहून एक तुकडा मोडून दाखवला.
कट्कन मोडला. पण दोन्ही अर्ध्यांमध्ये
चांदीच्या बारीक तारा ताणल्या गेल्या,
सुटेनात.
दुसरी एक केसाळ मुळी, खडकाला बिलगून वाढणारी,
वाळूत भाजून लव जाळलेली.
तिचं नावच "मोडलेलं भरून काढणारी".
नावावर भरवसा ठेवून औषध घेणं मला पटत नाही.
तरी नाव मी दोनदा विचारून घेतलं.

मग वर्षभर घरात मातीचं भांडं खदखदत राहिलं.
पडद्यांना वास, उशांना वास,
माझ्या युनिफॉर्मला तर इतका, की पेशंट विचारायचे,
इथं वैद्यपण बसतात का?

वर्षानं आकडा आला उणे दोन पूर्णांक आठ.
मी सांगितलं, एवढी चूक तर मशीनचीच असते.
ती म्हणाली, "मग त्यालाही दे वाटीभर काढा."

आमच्या गावात काढ्याचा चोथा रस्त्यावर ओततात.
येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी दुखणं तुडवलं जातं,
थोडं थोडं ज्याच्या त्याच्या घरी जातं.
गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी असे चारपाच ढीग.
मी वळसा घालून जाते, बुटांसाठी. बाकी काही नाही.

काल पेंगकाकू जिन्यात भेटल्या.
"तुझी आई रात्री भांडं घेऊन पुलापलीकडे का गं जाते?
एकशे बारा पायऱ्या, त्या कमरेनं!
इथंच ओतायचं ना, सगळ्यांसारखं."

इथं.
म्हणजे माझ्या हॉस्पिटलच्या वाटेवर.

आज सुट्टी होती. तरी ड्यूटीचे पांढरे बूट घातले,
पूल ओलांडला, पायऱ्या मोजल्या. एकशे नऊच निघाल्या.
मिठाच्या जुन्या गोदामाच्या कोपऱ्यावर
तिचा ढीग ओळखू आला, साल नेहमीसारखी आडवी चिरलेली.
आजूबाजूला कोणी नव्हतं.
दोन्ही पाय दिले. नीट, टाचेपर्यंत.

दारात बूट काढले तेव्हा
तळव्याला एक काळा तुकडा चिकटलेला,
ओढला तर तार निघाली.
आई बघत होती.
"कुठून आलीस?"
"जवळच्या रस्त्यानं."
काही बोलली नाही. भिंतीला धरून खाली बसली,
बूट मांडीवर घेतला, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं
तळवा घासत राहिली,
भात करपेपर्यंत.