लाभ, दोन, तीन

उदगीरचा मोंढा. दाल मिलच्या भुशाने
कीबोर्डवरची अक्षरं पुसत चाललेली खोली.
खाली सोयाबीनचा सौदा, वर मी
आणि शेतकऱ्याची पट्टी काढणारं एकच फंक्शन:
नऊशे बारा ओळी,
नाव हिशोब_नवीन_दोन_फायनल.

मन्मथने लिहिलं, मन्मथ पुण्याला गेला.
फोन केला तर म्हणाला,
"चालूलालंय ना? मग हात लावू नको."

हात लावला नाही. आधी मोजलं.
रीत सोपी आहे: एकापासून सुरू करायचं,
प्रत्येक 'जर'ला एक वाढवायचा,
प्रत्येक फेऱ्याला एक,
'आणि'ला, 'किंवा'ला, जिथं जिथं वाट फुटते तिथं एकेक.
एकही फाटा नसला, नुसती सरळ वाट असली
तरी तिचा एक असतोच.

व्यंकट मापाडी पाणी प्यायला वर आले होते.
"एक नसतंय म्हणायचं, पोरी, माप टाकताना.
लाभ म्हणायचं."

बरं. लाभ.
ओल बाराच्या वर असेल तर, दोन.
डागी असेल तर, तीन.
माती, काडी, चार, पाच.
मग जरच्या पोटात जर, त्याच्या पोटात नाहीतर,
ओळी उजवीकडे सरकत सरकत
बिदर रोडला लागल्या.
एकशे अठरा.

काकांनी उपरण्याने तोंड पुसलं.
"एवढी पोती एकाच्याच पाठीवर?"

मग रोज संध्याकाळी, सौदे मिटल्यावर,
एकेक पोतं उतरवलं.
ओलीचं वेगळं काढून त्याला ओलीचं नाव दिलं,
हमालीचं हमालीला, तोलाईचं तोलाईला.
वजन शून्य असलेल्याला दारातूनच परत लावलं,
उगीच आत घेऊन बसवायचं कशाला.
तात्पुरतं, तात्पुरतं_एक, तात्पुरतंच
ही तिन्ही नावं मोडली.
दर बदलानंतर गेल्या साली निघालेल्या शंभर पट्ट्या
पुन्हा चालवायच्या,
पैशाला पैसा जुळला की घरी.

सव्वीसवर आले तेव्हा ती ओळ उघडी पडली.
काटा तीन असेल तर
पोत्यामागे दोनशे ग्रॅम वजा.
का, ते कुठंच नाही.

काकांना बोलावलं. नावं मी मराठीतच ठेवली होती,
त्यांनी बोट लावून लावून वाचली.
"तीन नंबर जास्त दाखवायचा. खरंय.
पण तो काटा बदलला की.
तू यायच्या आधी, दोन दिवाळ्या झाल्या."

खाली कुणीतरी नवा भाव पुकारला.
मी गुणाकार मांडला आणि अर्ध्यात सोडला.
माझ्या शंभर पट्ट्यांत एकोणीस तीन नंबरच्या,
त्याही पैशाला पैसा जुळल्या होत्या,
चुकीला चूक, तंतोतंत,
आणि मी रोज समाधानाने घरी गेले होते.

मन्मथने चोरलं नाही. आडत्यानेही नाही.
एकशे अठरा वाटांच्या आत
दोनशे ग्रॅम बसून राहिले,
त्यांना ऊठ म्हणायला तिथवर कुणी पोचलं नाही.

ओळ पुसली नाही मी.
तिची प्रिंट काढली, तारीख घातली,
सचिवांकडे निघाले.
"थांब, मीबी येतो," काका म्हणाले.

जिना अरुंद आहे, कठडा हलतो.
पहिली पायरी उतरताना
त्यांनी सवयीनेच म्हटलं,
लाभ.