शिक्का नसलेली वजनं

आधीच सांगून ठेवतो, माझ्या वजनांवर शिक्का नाही.
वजनमापवाला साहेब चार वर्षांत इकडे फिरकला नाही.
एकदा आला होता दिवाडीच्या टोकापर्यंत,
होडी बघितली, होडीतलं पाणी बघितलं,
आणि तिथूनच हात हलवून परत गेला.
तेव्हा मी जे तोलीन
ते थोडं इकडेतिकडे धरून चाला.

मुलानं फोंड्याला गाळा पाहिलाय.
बसस्टँडच्या मागे, शटरचा, वर बोर्डाला जागा.
म्हणतो, बाबा, गुरुवारपर्यंत काय ते सांगा,
अनामत द्यायची आहे.

काल रात्री दुकान लावून घेतलं आणि बसलो.
साखरेची पोती होडीतून येतात, खालचं दरवेळी भिजतं,
हे आधी टाकलं.
मग गॅसचा सिलिंडर. मग माझा गुडघा.
मग हे, की लोक महिन्याचं सामान पणजीच्या थंडगार दुकानातून आणतात
आणि माझ्याकडे येतात आगपेटीला, मिठाला,
एका लिंबाला.
पारडं खाली गेलं, ठक्क वाजलं.

दुसऱ्यात काय घालायचं ते चटकन सुचेना.
उधारी बुडवून आजवर कोणी पळालं नाही, हे घातलं.
पळणार कुठे? होडी एकच, आणि होडीवर मिंगेल.
पण त्याच कारणानं भांडणंही इथून पळत नाहीत.
मानशीच्या मासळीचा लिलाव, साल अठ्ठ्याऐंशी,
आमचा आणि नार्वेकरांचा अबोला.
अजून त्यांची सून पैसे हातात देत नाही,
फळीवर ठेवते. मी सुटे फळीवर ठेवतो.
तिचा धाकटा मात्र मला आजोबा म्हणतो.
त्याला कोणी सांगितलं नसावं.

इस्पेरांसाची ती रात्र.
ओहोटी, होडी रुतलेली,
आम्ही पाचजण मांडीभर चिखलातून ढकलतोय
आणि ती वर आडवी, मिंगेलच्या आईचा हात धरून
शिव्या देतेय नवऱ्याला, नदीला, आम्हा पाचांना.
पोर मध्येच झाली. धड पाण्यावर नाही, धड जमिनीवर नाही.
आता नऊ वर्षांची आहे, लिमलेटच्या गोळ्या उधार नेते,
आणि वहीत स्वतःच लिहिते,
दोन कमी.

कुमुदच्या वेळी सगळं वेळेवर होतं.
भरती होती. मिंगेल जागा होता.
पलीकडे दिवा फिरवत ॲम्ब्युलन्स उभी,
तिच्यासाठी फेरीबोटसुद्धा थांबवून धरलेली,
बांबोळीला खाट, डॉक्टर, नळ्या.
चौथ्या दिवशी तिला परत आणली, त्याच होडीतून.
हे कुठल्या पारड्यात घालायचं
मला अजून कळलेलं नाही.
हातातच धरून बसलो होतो बराच वेळ.

रात्री इथं कोण खोकतंय ते अंथरुणात कळतं.
कोणाचं इंजिन, कोणाचा कुत्रा.
फोंड्याला शटर ओढलं की दिवस संपला;
इथं साडेअकराला खिडकीवर टकटक होते,
'ओव्याची पूड आहे का, पोटात कळ मारतेय.'
उठावं लागतं. चडफडत उठतो.
(याचं वजन करून बघितलं,
काटा दोन्हीकडे हलत राहिला.)

आज बुधवार. सकाळी पलीकडे कोणीतरी
छत्री हलवत उभा, काखेत काळी बॅग.
मिंगेल बांधावरून ओरडला,
नवा साहेब दिसतो तुमचा, वजनमापवाला. आणू?

एकदा शिक्का बसला की वजनं खरी ठरणार.
मग मुलाला सांगायला सबब उरणार नाही.
म्हटलं, आण. पण सावकाश आण.

चुलीवर आधण ठेवलं.
दूध नासलं होतं रात्रीचं.
म्हैस काय ती नार्वेकरांकडे.
दारात येऊन उभा राहिलो जरा,
आणि त्यांच्या धाकट्याला हाक मारली.